बाजारात पांढरे पीच होते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ज्युदेक्का बेटावरच्या बार-कामगार मंडळाचे आधारस्तंभ माननीय फाउस्तो दाल मास. चर्चचं हे सभागृह आणि त्यातल्या डुगडुगणाऱ्या खुर्च्याही मोठ्या मनाने आपल्याला वापरायला देणारे फादर सिल्वानो. ज्यांच्यासाठी आपण सगळे भर दुपारी कामं टाकून इथे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती अल्वीझे झेन्नारो. शेजारपाजारच्या बारमधले माझे सहकारी, आमची नेहमीची गिऱ्हाइकं, बंधुभगिनी. आणि अगदी मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसलेल्या, मुद्दाम ब्युरानोहून बोटीने आलेल्या श्रीमती पिएरिना बालारिन. सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी ओंदिना तालियापिएत्रा. माझी ओळख अध्यक्षांनी मघाशी करून दिलीच. गेली बावीस वर्षं मी अल्वीझेंच्या हाताखाली त्या काउंटरमागे उभी आहे आणि उद्यापासून ते काउंटर माझ्याकडे येणार, असंही अध्यक्षांनी जाहीर केलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या टाळ्यांबद्दल मला पुढे बोलायचं आहे. आधी ज्यांचा दिवस आहे त्यांच्याबद्दल बोलते.

अडतीस वर्षं एक माणूस एका काउंटरमागे उभा राहतो, म्हणजे नेमकं काय करतो? सकाळी कॉफी, दुपारी वाईनचे छोटे ग्लास, संध्याकाळी पाहुण्यांची गर्दी. हे तर आपण सगळेच करतो. पण अल्वीझेंचं नाव या काठावरून त्या काठापर्यंत झालं ते एका पेयामुळे. पांढऱ्या पीचचा गर आणि वर गार, फसफसती प्रोसेको वाईन. बेलिनी. ती पहिल्यांदा कोणी केली, कुठे केली, या भांडणात मी पडत नाही. या शहरात त्यावरून भाऊ भावाशी बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत.

आता तुम्ही म्हणाल, यात करायचं काय एवढं? फळ कुस्करलं, वर वाईन ओतली. आमच्याकडे कामाला आलेला प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी असंच म्हणायचा. मग अल्वीझे त्याला समोर उभं करून दाखवायचे. पीच पांढराच हवा, पिवळा चालत नाही. पिवळ्याचा रंग छान येतो, पण वाईनपुढे तो आरडाओरडा करतो. फळ इतकं पिकलेलं हवं की देठाजवळ अंगठा टेकवला तर खूण उरली पाहिजे. यंत्र लावायचं नाही. यंत्रात गर फेसाळतो, गरम होतो, बघता बघता तपकिरी पडतो. लाकडी कड्याची, घोड्याच्या केसांची जाळी असलेली चाळणी घ्यायची आणि तळहाताने गर काढायचा. रंगापुरत्या दोन रास्पबेरी. गर बर्फात, ग्लास बर्फात, बाटली बर्फात. ग्लासात आधी एक भाग गर, मग काठावरून हळूहळू दोन भाग वाईन. घाई केली की सगळं उतू जातं. शेवटी लांब चमचा तळापासून वर एकदाच आणायचा. दुसऱ्यांदा ढवळलं तर अल्वीझे तो ग्लास उचलून सरळ मोरीत रिकामा करायचे.

आणि हंगाम म्हणजे हंगाम. एकदा डिसेंबरात एक जर्मन गृहस्थ आले, चांगले उंचेपुरे, कोट घातलेले. म्हणाले, "एक बेलिनी." अल्वीझे म्हणाले, "जूनमध्ये या." त्यांना वाटलं थट्टा चालली आहे. म्हणाले, "मी फक्त दोन दिवसांसाठी आलोय." अल्वीझे म्हणाले, "मग जूनमध्ये दोन दिवसांसाठी या." तुम्हाला खोटं वाटेल, पण ते गृहस्थ जूनमध्ये खरंच आले, बायकोला घेऊन. बायको म्हणाली, "हे सहा महिने माझं डोकं खातायत." तुम्ही हसताय. अल्वीझेही हसतायत. त्यांना हसताना पाहून बरं वाटतं. फार वेळा पाहिलेलं नाही.

ते का पाहिलेलं नाही, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. पण जे नंतर या काठावर राहायला आले, त्यांच्यासाठी सांगायला हवं.

एकोणीस वर्षांपूर्वीपर्यंत तो गर अल्वीझे काढत नव्हते. त्यांची बायको एल्दा काढायची. मागच्या छोट्या स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या संगमरवरी ओट्यावर, दुपारी दोनच्या सुमाराला. एल्दा बालारिन मूळची ब्युरानोची. पिएरिनाबाई तिची थोरली बहीण. एल्दाला मी तीन वर्षं पाहिलं. ठेंगणी होती, चालताना एक खांदा किंचित पुढे. गाणं येत नसूनही गुणगुणायची. माझ्याशी तिचं फार जमायचं. मी तेहतीस वर्षांची होते, एकटी होते आणि भलत्या माणसात गुंतले होते. हे या शहरात फक्त तिला माहीत होतं. ती म्हणायची, "ओंदिना, जो माणूस तुला फक्त मेस्त्रेत भेटतो, इकडे पूल ओलांडून येत नाही, त्याच्याकडे दुसरं घर आहे असं समज." मी म्हणायचे, "तुला काय कळतं?" ती म्हणायची, "मला पीच कळतात. बाहेरून सुरेख दिसणारा आतून किती सडलाय, ते मी नाकाने सांगते."

ऑगस्टातला शनिवार होता. पाच वाजता पादोवाहून लग्नाचं वऱ्हाड येणार होतं, साठ माणसं. सगळ्यांना बेलिनी हवी होती. आदल्या दिवशीचे पीच संपले होते. सकाळी रियाल्तोच्या बाजारातून नवे आणायचे होते. बारा वाजता असं कळलं की त्या दिवशी बाजारात पांढरे पीच आलेलेच नाहीत. अल्वीझे एल्दाला म्हणाले, "सान्त एराझ्मो बेटावर तोनीच्या बागेत असतील. जाऊन येतेस का?" तोनी एल्दा आणि पिएरिनाबाईंचा मामेभाऊ. एल्दा म्हणाली, "अडीच वाजेपर्यंत येते. तोवर चाळणी भिजवून ठेव." त्यांची छोटी लाकडी नाव होती, मागे इंजिन लावलेली. ती लहानपणापासून नाव चालवत आलेली. दोर सोडताना तिने विचारलं, "हवा कशी वाटते रे?" अल्वीझे दारात येऊन उभे राहिले, वर पाहिलं आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत काही होत नाही."

हे वाक्य बाहेरच्या टेबलावर बसलेल्या चार जणांनी ऐकलं.

दीड वाजता डोंगराकडून काळं आलं. उन्हाळ्यातलं वादळ कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. वीस मिनिटांत येतं, खुर्च्या पाण्यात टाकतं, निघून जातं. तीन वाजता पुन्हा लख्ख ऊन पडलं होतं. नाव वाटेतल्या विन्योले बेटाच्या काठाला चिखलात रुतलेली सापडली, उलटलेली नव्हती. आत पीचच्या दोन पेट्या होत्या, ओल्या गोणपाटाने नीट झाकलेल्या. एल्दा तिसऱ्या दिवशी सापडली.

अग्निशामक दलाच्या माणसांनी त्या दोन पेट्या आमच्या दारात आणून ठेवल्या. त्यांना दुसरं काय करावं सुचलं नसेल. एल्दा सापडली त्या दिवशी सकाळी अल्वीझे पेट्या आत घेऊन गेले. एक-एक फळ सोललं, चाळणीवर गर काढला, दोन्ही पेट्यांचा. भांडं भरल्यावर मागच्या दाराने बाहेर आले आणि सगळा गर कालव्यात सोडला. पाणी बराच वेळ गुलाबी दिसत होतं. मी तिथे उभी होते.

दफनाच्या दिवशी चर्चच्या दारात पिएरिनाबाई अल्वीझेंना म्हणाल्या, "आकाश बघून पाठवलंस ना तिला?" एवढंच. त्यानंतर त्यांनी ज्युदेक्कावर पाऊल ठेवलं नाही, आज ठेवलं. आणि ते वाक्य या शहरात फिरलं. मासळीबाजारात फिरलं, बोटीच्या धक्क्यावर फिरलं. नवं गिऱ्हाईक आलं की जुनं गिऱ्हाईक त्याच्या कानाला लागायचं, "हाच तो. वऱ्हाडाच्या दारूपायी बायकोला वादळात धाडलं." अल्वीझेंना ऐकू जायचं. ते ग्लास पुसत राहायचे. एकदाही कोणाला उलटून बोलले नाहीत. गर मात्र त्या दिवसापासून स्वतः काढायला लागले. दुसऱ्या कोणाचा हात त्या चाळणीला लागू दिला नाही.

अध्यक्षमहाराज, तुम्ही माझ्याकडे पाहताय, मला कळतंय. निरोपाच्या भाषणात हे कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. मला अजून थोडा वेळ द्या. माझी बावीस वर्षांची नोकरी जमेस धरा आणि मला मधे थांबवू नका.

आता जे सांगणार आहे, त्यावर फादर सिल्वानो कपाळाला आठ्या घालतील. फादर, मी अर्थ काही सांगत नाही. जे झालं ते सांगते.

पुढचा जून आला, पीच आले, आणि मागच्या स्वयंपाकघरातून आवाज यायला लागला. जाळीवरून तळहात फिरतो ना, त्याचा. ओला आवाज असतो, सर्र जातो, थांबतो, पुन्हा सर्र जातो. दुपारी दोनच्या सुमाराला. पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही, अल्वीझे आत असतील म्हणून. मग एक दिवस मान वर केली तर अल्वीझे माझ्या समोर, काउंटरवर, लिंबं कापत होते. आवाज आतून येतच होता. मी विचारलं, "अल्वीझे, आत कोणी आहे का?" त्यांनी मान वर न करता म्हटलं, "असू दे. काम करतेय."

आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. एकोणीस उन्हाळे तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला आहे. मधे किओज्जाची एक बाई आम्ही स्वयंपाकाला ठेवली होती, पन्नाशीची, घट्ट मनाची, दोन नवऱ्यांना माती देऊन आलेली. आठव्या दिवशी तिने ॲप्रन काढून काउंटरवर ठेवला. म्हणाली, "माझं कोणाशी भांडण नाही. पण आत कोणीतरी माझ्या आधीपासून कामाला आहे. मला जागा होत नाही." अल्वीझेंनी तिला दारापर्यंत सोडलं आणि तिची माफी मागितली.

तुम्हाला वाटेल, एल्दा नवऱ्यासाठी येत होती. मीही मनाची तशीच समजूत घालत होते. बायको नवऱ्याकडे परत येते, यात दुःख आहे पण भीती कसली? मग मला भीती का वाटायची? दोन वाजायला आले की मी काहीतरी निमित्त काढून बाहेरची टेबलं पुसायला का जायचे? एकोणीस वर्षांत मी बेलिनीचा एक घोट का घेतला नाही? तुमच्यापैकी कितीतरी जणांनी आग्रह केला आहे. मी म्हणायचे, मला पित्त होतं. मला पित्त होत नाही.

त्या शनिवारी सकाळी बाजारातून पीच आणायचं काम माझं होतं.

मी बाजारात गेलेच नव्हते.

आदल्या संध्याकाळी मी मेस्त्रेला गेले होते, त्या माणसाकडे. सकाळी त्याने मला सांगितलं की तो त्रिएस्तेला चाललाय, बायकोमुलांसकट. मी पहिली बस सोडली, दुसरी सोडली. पूल ओलांडून इकडे उतरले तेव्हा दहा वाजून गेले होते. तिथे थांब्यावरच्या बाकावर बसून रडत राहिले. बाजार दुपारपर्यंत उघडा असतो, तुम्हाला माहीत आहे. अकरा वाजतासुद्धा मी गेले असते तर पीच मिळाले असते. पण डोळे सुजले होते आणि पीचवाल्या बाईने विचारलं असतं, काय झालं म्हणून. मी सरळ बारवर आले. अल्वीझेंनी विचारलं, "पीच कुठे आहेत?" मी म्हटलं, "आज आलेच नाहीत. सगळ्या गाड्यांवर पाहिलं. पांढरा एकसुद्धा नाही."

एल्दा तिथेच उभी होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला कळलं, मी कुठून आलेय ते. पीचचं खोटंही तिच्या लक्षात आलं असेल, असं मला वाटतं, तिचं नाक तसं होतं. ती मला उघडं पाडू शकली असती. त्याऐवजी ती म्हणाली, "असं होतं कधी कधी. मी तोनीकडे जाऊन येते." जाताना माझ्या गालाला हात लावला आणि हळूच म्हणाली, "तोंड धू. आल्यावर बोलू."

एकोणीस वर्षं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाजारात त्या दिवशी पांढरे पीच होते. पुढच्या आठवड्यात पीचवाली स्वतःहून म्हणाली, "शनिवारी तू आली नाहीस गं. तुझ्यासाठी तीन पेट्या राखून ठेवल्या होत्या, दुपारी द्याव्या लागल्या दुसऱ्याला." मी तिला सांगितलं, बरं नव्हतं.

मला लोकांनी विचारलं नाही असं नाही. उलट, लोक माझ्याच जवळ बसून अल्वीझेंबद्दल बोलायचे. मी मान हलवायचे. एकदा एक बाई म्हणाली, "तू कशी काम करतेस गं त्याच्यापाशी?" मी म्हटलं, "माणूस वाईट नाही." ऐका, काय बोलले मी. माणूस वाईट नाही. जणू त्यांना मीच पदरात घेत होते.

आणि त्यानंतर एकाही हंगामात मी एकाही सकाळी बाजार चुकवला नाही. ताप असताना गेले, पाणी चढलेलं असताना गुडघ्याएवढे बूट घालून गेले. गरज नसताना जास्तीच्या पेट्या आणल्या. दर वर्षी हंगामाच्या शेवटी अल्वीझे सगळ्यांसमोर सांगायचे, "ओंदिनासारखं पीच आणणारं माणूस या शहरात नाही." दर वर्षी मी ते ऐकून घेतलं. एवढी मोठी शिक्षा मला दुसरी कोणी दिली नसती, आणि देणाऱ्याला माहीतही नव्हतं.

आता मागच्या मंगळवारचं सांगते. अल्वीझे म्हणाले, "मी आता जाणार. कोणीतरी शिकायला हवं." आणि त्यांनी ती चाळणी माझ्यासमोर ठेवली. माझ्या मागे उभे राहिले. म्हणाले, "वरून दाबू नकोस. हात आपल्याकडे ओढ. एल्दा अशी ओढायची." मी हात ओढला. आणि माझ्या हाताखालून तोच आवाज निघाला. सर्र. थांबला. सर्र. एकोणीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला आवाज माझ्या तळहातातून येत होता. मला पुढे हात फिरवता येईना. गर मनगटापर्यंत आला होता, तसाच हात घेऊन मी वळले आणि त्यांना सगळं सांगितलं. जसं तुम्हाला आत्ता सांगितलं, तसंच. मेस्त्रे, बाक, अकरा वाजता, सगळं.

 अल्वीझेंनी माझ्या हातातून चाळणी घेतली, धुतली, पुसली, खिळ्याला अडकवली. बाहेर चार माणसांचं टेबल आलं होतं, त्यांना हवं-नको विचारलं, वाईन नेऊन दिली, हिशोबाचा कागद ठेवला. मी ओट्याला टेकून उभी होते. अर्ध्या तासाने ते आत आले. म्हणाले, "आकाशाकडे मी पाहिलं होतं. ते तू नाही पाहिलंस."

मी म्हटलं, "मी खोटं बोलले नसते तर तुम्हाला आकाशाकडे बघायची वेळच आली नसती."

ते म्हणाले, "हो. तेही खरं आहे."

मी विचारलं, "मी काय करू?" त्यांनी ओट्यावरच्या साली गोळा केल्या. मग म्हणाले, "मला सांगून काय होणार? माझ्याबद्दल चारचौघांत बोललं गेलं. सांगायचं तर चारचौघांत सांग. नाहीतर राहू दे, मी आणखी कोणाला सांगणार नाही." त्यांनी मला माफ केलं का, हे त्यांनी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. अल्वीझे, आज इथेही सांगू नका. लोकांसमोर विचारलं की माणसाला चांगलंच बोलावं लागतं.

गुरुवारी मी ब्युरानोला गेले. पिएरिनाबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर लेस विणायची उशी, डोळ्यांवर जाड चष्मा. मी म्हटलं, "शनिवारी अल्वीझेंचा निरोप समारंभ आहे. तुम्ही या." त्या म्हणाल्या, "मी त्याला एकोणीस वर्षांपूर्वीच निरोप दिलाय. पुन्हा कशाला?" मी म्हटलं, "मग माझ्यासाठी या." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू माझी कोण लागतेस?" मी म्हटलं, "ते तुम्ही ऐकल्यावर ठरवा." त्यांनी सुई खाली ठेवली. म्हणाल्या, "पीचवाली पोर तूच ना? एल्दा तुझ्याबद्दल सांगायची. म्हणायची, एक वेडी आहे, तिला सांभाळायला हवं." मग मला तिथे उभं राहवलं नाही. त्यांना काहीच न सांगता परत आले. पिएरिनाबाई, बोटीत मी ठरवलं होतं की तुम्हाला आधी एकटीला सांगायचं, तुमचा तो हक्क होता. तुम्ही ते वाक्य बोललात आणि मी उलट्या पावली बोटीकडे निघाले. त्यामुळे तुम्हाला आज सगळ्यांच्या मागे बसून हे ऐकावं लागतंय.

तर हे असं आहे. ज्यांनी ज्यांनी काउंटरला टेकून "हाच तो" म्हटलं, त्यांनी ते आता मनातून पुसावं. पुसता येत नसेल तर निदान माझं नाव त्यात घालावं. अल्वीझे झेन्नारो यांनी आपल्या माणसाला बेफिकिरीने पाण्यात पाठवलं नाही. त्यांना सांगितलं गेलं की बाजारात पीच नाहीत आणि त्यांनी सांगणारीवर विश्वास ठेवला. एवढीच त्यांची चूक, आणि हवेच्या अंदाजाची, जी या शहरात प्रत्येकाची कधी ना कधी झाली आहे. अडतीस वर्षांच्या नोकरीनंतर माणसाला घड्याळ देतात, शाल देतात, मानपत्र देतात. मंडळाने ते सगळं दिलं. माझ्याकडे द्यायला हे होतं. उशीर झाला, मला माहीत आहे.

काउंटर माझ्याकडे यायचं की नाही, हे बारच्या मालकांनी आणि मंडळाने पुन्हा ठरवावं. मघाच्या टाळ्या मी घेतलेल्या नाहीत असं समजा.

एकच शेवटचं सांगते. आज सकाळी समारंभासाठी गर काढायचा होता, साठ-सत्तर ग्लासांचा. मला वाटलं, अल्वीझे स्वतः काढतील. त्यांनी चाळणी पुन्हा माझ्यासमोर ठेवली. मी काढायला लागले, ते बाजूला फळं सोलत होते. मला मनातून वाटत होतं, आता सांगून झालंय, निदान अल्वीझेंना तरी. आता तो आवाज येणार नाही. थोड्या वेळाने मी हात थांबवला, मान मोडायला. आवाज थांबला नाही. ओट्याच्या त्या टोकाकडून येत होता, खिडकीखालून. सर्र, थांबला, सर्र. मी अल्वीझेंकडे पाहिलं. ते त्या टोकाकडेच पाहत होते. म्हणाले, "तू घाई करतेस. ती बघ किती सावकाश करते." मग मी सावकाश केलं. सगळ्या पेट्या संपेपर्यंत आम्ही तिघंही काम करत होतो. फादर, मी आधीच म्हटलं, अर्थ मी सांगत नाही. मला पूर्वीइतकी भीती वाटली नाही, पण वाटली.

आता आभार. अध्यक्ष फाउस्तोसाहेबांनी मला मधे थांबवलं नाही, त्यांचे आभार. फादर सिल्वानोंचे सभागृहासाठी आणि सहनशीलतेसाठी आभार. सकाळपासून टेबलं लावणाऱ्या, ग्लास पुसणाऱ्या, बर्फाच्या लाद्या पुलावरून वाहून आणणाऱ्या सगळ्यांचे आभार. पिएरिनाबाईंचे आभार, त्या उठून गेल्या नाहीत. अल्वीझे, तुमचे आभार कसे मानायचे मला कळत नाही, म्हणून मानत नाही.

बोलताना शब्द इकडेतिकडे गेले असतील, वेळही जास्त घेतला, तेवढं तुम्ही सांभाळून घ्याल याची मला खात्री आहे. बाकी जे सांगितलं, त्याची क्षमा मी या सभेकडे एकदम मागत नाही, ती अशी एकदम मागायची गोष्ट नाही. मागच्या टेबलावर ग्लास बर्फात ठेवले आहेत, गर भरलेला आहे. वाईन मी ओतणार आहे आणि ट्रे मीच घेऊन फिरणार आहे. ज्यांना माझ्या हातून घ्यावंसं वाटणार नाही त्यांनी खुशाल मान वळवावी. मी पुढे जाईन आणि कोणी मान वळवली ते लक्षात ठेवणार नाही. पहिला ग्लास मी दाराजवळच्या त्या खुर्चीकडे नेते आहे. त्या घेतील की नाही, मला माहीत नाही. पण हे पेय फार वेळ थांबत नाही, तेव्हा मी इथेच थांबते आणि बाटली उघडायला जाते. नमस्कार.